"मामा, डावा दमला": तिसऱ्या गेमनंतर फ्लिपर कमजोर पडतो तेव्हा

आधी लक्षण सांगतो, म्हणजे तुमच्या पिनबॉल मशीनला हाच रोग आहे का ते इथेच कळेल.

मशीन थंड असताना दोन्ही फ्लिपर, म्हणजे बटण दाबल्यावर बॉल मारणाऱ्या दोन पट्ट्या, सारख्याच जोराने मारतात. पहिले दोन गेम मजेत जातात. तिसऱ्या गेमपासून डाव्या फ्लिपरने मारलेला बॉल उजवीकडच्या रॅम्पवर अर्ध्यापर्यंत चढतो, थबकतो आणि तसाच मागे घरंगळत येतो. उजवा फ्लिपर मात्र ठणठणीत. मशीन बंद करून अर्धा तास थांबा, डावा पुन्हा ताजातवाना. डाव्याच्या स्विचचे कॉन्टॅक्ट, म्हणजे एकमेकांना टेकणारे धातूचे ठिपके, घासले की तीन-चार आठवडे बरं चालतं, मग पुन्हा तेच.

आमचं पिनबॉल मशीन ठाण्यात, वागळे इस्टेटमधल्या एका मित्राच्या गाळ्यात आहे. शिकागोत बनलेलं, 1980च्या दशकाच्या शेवटचं. एक गेम पार्लर बंद पडलं तेव्हा मित्राने ते उचललं. रविवारी त्याच्या सोसायटीतली पोरं आणि माझा भाचा तिथे जमतात. बिघाड पहिल्यांदा माझ्या नाही, भाच्याच्याच लक्षात आला. तो म्हणाला, "मामा, डावा दमला." मी मल्टिमीटर लावून जे शोधायला वर्ष घालवलं त्याचं याहून नेमकं वर्णन मला अजून सुचलेलं नाही. फ्लिपर दमतो म्हणजे त्याला मिळणारी ऊर्जा वाटेत कुठेतरी दुसरीकडे जाते. ती कुठे जाते हे न मोजता मी तीनदा दुरुस्ती केली आणि तिन्ही वेळा बिघाड परत आला.

पहिल्यांदा मी कॉन्टॅक्ट घासले. तीन आठवडे गेले. दुसऱ्यांदा कॉइलच, म्हणजे फ्लिपर ओढणारं तांब्याच्या तारेचं वेटोळंच, जळत आली असेल असं वाटलं, म्हणून किसननगरच्या बाजूला मोटारी भरून देणाऱ्या एका काकांकडून ती नव्याने भरून घेतली. काकांनी जुनी तार मापून त्याच जाडीची तार घेतली, वळणं मोजून भरली, काम उत्तम केलं. महिनाभर फ्लिपर झकास चालला आणि मी सगळ्यांना सांगत सुटलो की कॉइलच खराब होती. खरं तर कॉइल काढताना मी सवयीने कॉन्टॅक्टही घासले होते. फरक पडला तो त्या घासण्याने, श्रेय मात्र कॉइलला गेलं. तिसऱ्यांदा दोष दिला तो 230चे 110 करणाऱ्या ट्रान्सफॉर्मरला. इस्टेटमध्ये संध्याकाळी व्होल्टेज खाली येतं हे खरंच आहे, त्यामुळे पटायलाही सोपं. मोठा ट्रान्सफॉर्मर आणला, पैसे गेले, डावा पुन्हा दमला.

इथे मी एक साधी गोष्ट विसरलो होतो. ट्रान्सफॉर्मर, ब्रिज रेक्टिफायर (एसीचा डीसी करणारा) आणि मुख्य फ्यूज या वाटेवरचा करंट दोन्ही फ्लिपरना जातो. दोष तिथे असता तर दोन्ही फ्लिपर दमले असते. एकटा डावा दमतो, तर दोष फक्त डाव्याच्या स्वतःच्या वाटेवर असला पाहिजे: त्याचं बटण, त्याच्या तारा, त्याची कॉइल, त्याचा ईओएस स्विच (तो काय ते पुढे येतंच) किंवा त्याची यांत्रिक जोडणी. तुमच्याकडे दोन्ही दमत असतील तर पुढचा मोठा भाग सोडून थेट शेवटाकडे जा.

मग मी डावी आणि उजवी कॉइल आपसात बदलली. आमच्या मशीनमध्ये दोन्ही एकाच जातीच्या आहेत, तुमच्याही बघून घ्या. प्रत्येकी सोल्डरचे तीन टाके, डायोडची (करंट एकाच दिशेने जाऊ देणारा भाग) दिशा लिहून ठेवायची, अर्ध्या तासाचं काम. कमजोरी कॉइलबरोबर उजवीकडे गेली असती तर कॉइल दोषी. ती डावीकडेच राहिली. ही परीक्षा पहिल्याच दिवशी केली असती तर काकांकडची खेप वाचली असती.

आता फ्लिपर नेमका मारतो कसा ते बघू, कारण त्याशिवाय पुढचं पटणार नाही.

फ्लिपरच्या कॉइलमध्ये दोन वाइंडिंग असतात. एक जाड तारेचं, थोड्या वळणांचं, आमच्याकडे 4.1 ओहम. हे मारण्यासाठी. दुसरं बारीक तारेचं, भरपूर वळणांचं, सुमारे 130 ओहम. हे फ्लिपर वर धरून ठेवण्यासाठी. बटण दाबलं की आधी जाड वाइंडिंगला 50 व्होल्ट मिळतात. 50 भागिले 4 म्हणजे साडेबारा अँपिअर, म्हणजेच 625 वॉट. घरातल्या मिक्सरइतकी ताकद, पण एका सेकंदाच्या तीन शतांश भागापुरती. फ्लिपर वर पोचताच त्याचा खालचा भाग ईओएस, म्हणजे एंड ऑफ स्ट्रोक, नावाच्या पत्त्याच्या स्विचला ढकलतो. तो उघडला की जाड वाइंडिंगची वाट तुटते आणि फक्त बारीक वाइंडिंग चालू राहतं. करंट 0.38 अँपिअर, 19 वॉट. तेवढ्यावर फ्लिपर वर धरून राहतो, कारण प्लंजर, म्हणजे कॉइलच्या आत ओढला जाणारा लोखंडी दांडा, आत बसल्यावर लोखंडांमधलं अंतर जवळजवळ शून्य होतं आणि थोड्याशा करंटमध्येही चुंबक घट्ट धरतो. उलट सुरुवातीला, प्लंजर बाहेर असताना, हवेचं अंतर सगळ्यात जास्त आणि ओढ सगळ्यात कमी. म्हणून फ्लिपरचा दांडा बसल्या जागी जरासाही अडत असेल तर फार महागात पडतं. चुंबक जिथे सर्वात दुबळा, नेमकं तिथेच घर्षण.

ईओएस स्विच उघडलाच नाही तर काय होईल? कॉइलमध्ये तांबं 150 ग्रॅम धरा. तांब्याचा एक ग्रॅम एक अंश तापवायला 0.385 ज्यूल लागतात, म्हणजे सगळ्या कॉइलला अंशामागे सुमारे 58 ज्यूल. 625 वॉट म्हणजे सेकंदाला 625 ज्यूल. बटण धरून ठेवलं तर कॉइल दर सेकंदाला जवळपास दहा अंशांनी तापते. दहा सेकंदांत शंभर अंश. तापताना रोध वाढतो म्हणून वेग थोडा मंदावेल, पण धूर येण्यासाठी तेवढं पुरे. म्हणून फ्लिपरच्या फ्यूजला तार गुंडाळून काम भागवणाऱ्यांना हात जोडून विनंती, असं करू नका. मशीन लाकडाचं आहे.

बॉलला यातलं किती मिळतं हे मी मोबाइलच्या स्लो मोशनने मोजलं. पिनबॉलचा बॉल स्टीलचा, 27 मिलिमीटर व्यासाचा, 80 ग्रॅमचा. सेकंदाला 240 फ्रेमचा व्हिडिओ घेतला, फ्लिपरपासून रॅम्पच्या तोंडापर्यंतचं 60 सेंटिमीटरचं अंतर पट्टीने मोजलं आणि फ्रेम मोजत बसलो. थंड मशीनवर 65 फ्रेम. म्हणजे सेकंदाला 2.2 मीटर सरासरी वेग. तिसऱ्या गेमनंतर 110 फ्रेम, वेग 1.3 मीटर.

घरंगळणाऱ्या भरीव गोळ्याची गतिज ऊर्जा नुसती अर्धा एम व्ही वर्ग नसते, त्यात फिरण्याचीही भर पडते आणि ती सात दशांश एम व्ही वर्ग होते. त्या हिशेबाने थंड फटक्यात बॉलकडे सरासरी 0.27 ज्यूल, दमलेल्या फटक्यात 0.095. जेमतेम एक तृतीयांश. आमचा रॅम्प प्लेफील्डपासून, म्हणजे बॉल घरंगळतो त्या तिरप्या फळीपासून, 9 सेंटिमीटर चढतो. तेवढं चढायला रॅम्पच्या तोंडाशी बॉलचा वेग सेकंदाला 1.1 मीटर हवा. प्लेफील्ड साडेसहा अंश तिरपं असल्याने तोंडाशी पोचेपर्यंत बॉलचा वेग आणखी कमी होतो, आणि दमलेल्या फटक्यात नेमका एवढाच उरत होता. घर्षणाला, रॅम्पच्या पत्र्याच्या जिभेला, बाजूच्या भिंतीला द्यायला काहीच शिल्लक नाही. बॉल अर्ध्यावर थबकून परत येतो ते यामुळे.

आणि 0.27 ज्यूलसाठी कॉइल खाते किती? कॉइलच्या इंडक्टन्समुळे, म्हणजे करंटमधल्या बदलाला होणाऱ्या तिच्या विरोधामुळे, करंट लगेच पूर्ण चढत नाही, त्यामुळे प्रत्यक्षात आकडा कमी असेल, पण वरची मर्यादा 625 वॉट गुणिले 0.03 सेकंद, म्हणजे 19 ज्यूलच्या आसपास. यातले शंभराला दीड बॉलच्या वाट्याला. बाकीचे फ्लिपरच्या दांड्याला, स्प्रिंगला, आवाजाला जातात, आणि बहुतेक सगळे कॉइलच्या तांब्यात उष्णता होऊन राहतात. मला हे फार विलक्षण वाटतं. पिनबॉल मशीन म्हणजे मुख्यतः एक हीटर आहे आणि त्याच्या उष्णतेतून चुकून निसटलेल्या दीड टक्क्यावर सगळा खेळ चालतो. 1947 साली शिकागोच्या गॉटलिब कंपनीने हम्प्टी डम्प्टी या मशीनमध्ये पहिल्यांदा विजेवर चालणारे फ्लिपर बसवले, तेव्हा एका मशीनला सहा फ्लिपर होते.

तांबं तापलं की त्याचा रोध अंशामागे साधारण 0.39 टक्क्यांनी वाढतो. याचा एक सुंदर उपयोग आहे: कॉइल स्वतःच थर्मामीटर बनते. तिसऱ्या गेमनंतर मशीन बंद केलं, प्लग काढला, लगेच दोन्ही जाड वाइंडिंग मोजली. उजवं 4.1 वरून 4.6 झालं होतं, म्हणजे 31 अंश तापलं. डावं 4.1 वरून 5.1, म्हणजे 62 अंश. गाळ्यात तेव्हा 31 अंश तापमान होतं, तर डावी कॉइल आतून 93 अंशांवर होती. दोन्ही बटणं पोरं सारखीच दाबतात. मग डावी दुप्पट का तापली?

उत्तर ईओएस स्विचमध्ये मिळालं, पण अर्धंच. मल्टिमीटरची दोन टोकं एकमेकांना टेकवली तर आमचं मीटर 0.3 दाखवतं, ते प्रत्येक मापातून वजा करायचं. उजव्या ईओएसवर वजाबाकीनंतर शून्य. डाव्यावर 0.9. कॉन्टॅक्टवर खड्डे पडलेले, वर करडा-काळा थर, एका बाजूला टेंगूळ आणि समोर तसाच खळगा.

एक ओहम म्हणजे काय एवढं, असं वाटतं. वर्कशॉपच्या दुसऱ्या कुठल्याही कामात मीही ते सोडून दिलं असतं. पण इथे एकूण रोधच चार ओहम आहे. त्यात एक मिळवला की करंट साडेबारावरून दहावर येतो. आणि चुंबकाची ओढ करंटच्या वर्गाच्या प्रमाणात असते, कारण करंट दुप्पट झाला की चुंबकक्षेत्रही दुप्पट होतं आणि प्लंजरच्या लोखंडात जागं होणारं चुंबकत्वही दुप्पट. दहा भागिले साडेबारा म्हणजे 0.8, त्याचा वर्ग 0.64. एका ओहमने फ्लिपरची एक तृतीयांशाहून जास्त ओढ खाल्ली. कॉइल साठ अंश तापली की तिचा स्वतःचा रोध पाच ओहमच्या जवळ जातो, म्हणजे नुकसान तेवढंच. दोन्ही एकत्र आले की एकूण सहा ओहम, करंट 8.4, ओढ 45 टक्के. फटका जोराचा असतो तेव्हा लोखंड संपृक्ततेकडे जातं, म्हणजे आणखी चुंबकत्व घेईनासं होतं, आणि वर्गाचा नियम थोडा ढिला पडतो, त्यामुळे खरं नुकसान या आकड्यांपेक्षा काहीसं कमी धरा. पण बॉलच्या वेगाने जे दाखवलं त्याच्याशी हे बऱ्यापैकी जुळतं, कारण स्प्रिंग आणि घर्षण आपला ठरलेला वाटा आधीच काढून घेतात.

आणि हे एकमेकांना वाढवत नेतं. खराब कॉन्टॅक्टने ओढ कमी झाली की फ्लिपर वर जायला जास्त वेळ घेतो. वर पोचेपर्यंत ईओएस उघडत नाही, म्हणजे मोठा करंट जास्त वेळ वाहतो. कॉइल जास्त तापते. तापली की ओढ आणखी कमी, फ्लिपर आणखी सावकाश. म्हणूनच पहिले दोन गेम काही कळत नाही आणि तिसऱ्यापासून सगळं एकदम घसरतं.

एवढं कळल्यावर मी कॉन्टॅक्ट घासले, मोजले, शून्य आलं, खूश झालो. पण हे तर मी आधीही केलं होतं. मग थांबलो आणि पहिल्यांदाच खरा प्रश्न विचारला: उजव्या बाजूचे कॉन्टॅक्ट तीस वर्षांनंतरही गुळगुळीत, डावीकडचे तीन आठवड्यांत खडबडीत. हे खड्डे पाडतंय कोण?

गाळ्यातले दिवे बंद करून, प्लेफील्ड उभं करून, मित्राला बटण दाबायला सांगितलं. उजव्या ईओएसवर ठिणगी जवळजवळ दिसत नव्हती. डाव्यावर निळसर-पांढरी, टप्पोरी ठिणगी, प्रत्येक फटक्याला. मित्र म्हणाला, "अरे, ही तर वेल्डिंग करतेय!" अगदी बरोबर. हे बघताना एक हात खिशात ठेवा आणि आत काही धरू नका. फ्लिपरचे 50 व्होल्ट असले तरी त्याच कॅबिनेटमध्ये मेन्स आहे, आणि जुन्या गॅस डिस्प्लेंना शंभराच्या आसपास व्होल्ट लागतात.

ठिणगी का पडते ते पाण्याच्या नळावरून समजतं. नळ झटकन बंद केला की पाइप धडधडतो, कारण वाहतं पाणी एकाएकी थांबायला तयार नसतं. कॉइलमधला करंट तसाच असतो. त्याच्याभोवतीच्या चुंबकक्षेत्रात ऊर्जा साठलेली असते, अर्धा एल आय वर्ग (एल म्हणजे इंडक्टन्स, आय म्हणजे करंट), आणि वाट तुटली म्हणून ती नाहीशी होत नाही. कॉइल आपलं व्होल्टेज लागेल तेवढं वाढवते आणि करंट पुढे ढकलायला बघते. कॉन्टॅक्ट सुटायला लागले की सुरुवातीला त्यांच्यात केसाएवढी फट असते. ती फट ओलांडायला फार व्होल्टेज लागत नाही. हवा पेटते, करंट त्या ठिणगीतून वाहत राहतो आणि धातूचा कण एका कॉन्टॅक्टवरून उडून दुसऱ्यावर बसतो. डीसी असल्याने नेहमी एकाच दिशेने. म्हणून एका बाजूला टेंगूळ आणि समोर खळगा.

याचा बंदोबस्त मशीन बनवणाऱ्यांनी केलेला असतो. कॉइलवर डायोड असतो, तो सुटलेल्या ऊर्जेला कॉइलमध्येच फिरवत ठेवतो. आणि आमच्यासारख्या मशीनमध्ये ईओएसच्या दोन टोकांवर थोडी वीज साठवून घेणारा एक कपॅसिटर असतो, 2.2 मायक्रोफॅरड, 250 व्होल्टचा. कॉन्टॅक्ट सुटण्याच्या त्या पहिल्या क्षणी करंट फटीतून न जाता कपॅसिटरमध्ये शिरतो. बारा अँपिअर 2.2 मायक्रोफॅरडमध्ये शिरले की व्होल्टेज मायक्रोसेकंदाला साडेपाच व्होल्ट या गतीने चढतं, एकदम उसळत नाही. तेवढ्या अवधीत फट रुंद व्हायला लागते.

डाव्याचा कपॅसिटर जागेवरच होता. दिसायला चांगला, ना फुगलेला ना जळलेला. म्हणूनच तीनदा माझी नजर त्याच्यावरून पुढे गेली. एक टोक सोडवून मोजला तर मीटर शून्य मायक्रोफॅरड. उजव्याचा 2.1. डाव्याला बोटाने हलवलं तेव्हा दिसलं की त्याचा एक पाय अंगाजवळच तुटला आहे आणि नुसता टेकून बसला आहे. दोन तारांवर लोंबकळणारा कपॅसिटर, बाजूला दिवसाला शेकडो दणके देणारा फ्लिपर. तीस वर्षांत तार थकून तुटली, यात नवल नाही.

त्या रात्री हाताशी योग्य कपॅसिटर नव्हता. मित्राने नौपाड्यातल्या इलेक्ट्रिकच्या दुकानातून सीलिंग फॅनचा 2.5 मायक्रोफॅरड, 440 व्होल्टचा कपॅसिटर आणला. आकाराने मोठा, पण आतून फिल्म कपॅसिटरच आणि ध्रुव नसलेला, त्यामुळे चालला. लावल्याबरोबर ठिणगी बारीक टिंबाएवढी झाली. पुढच्या आठवड्यात लॅमिंग्टन रोडवरून 2.2 मायक्रोफॅरड, 400 व्होल्टचे दोन फिल्म कपॅसिटर आणले आणि दोन्ही बाजूंना नवे बसवले. इलेक्ट्रोलायटिक कपॅसिटर इथे लावू नका. या वेळी अंग केबल टायने ब्रॅकेटला बांधलं आणि पायांवर स्लीव्ह चढवून तार थोडी सैल, वळणदार ठेवली, म्हणजे दणका सांध्यावर येत नाही.

डाव्याचा ईओएसही पूर्ण बदलला. खड्डे फार खोल गेले की घासून उपयोग नसतो, उंचवटे जातात पण कॉन्टॅक्टचा चेहरा सपाट राहत नाही. नवा लावताना फट बघा. फ्लिपर हाताने पूर्ण वर धरला तर कॉन्टॅक्ट सुमारे दीड ते तीन मिलिमीटर उघडले पाहिजेत, तेही हालचालीच्या अगदी शेवटी. लवकर उघडले तर जोर अर्ध्यावर सुटतो. जेमतेम उघडले तर वर धरलेल्या फ्लिपरवर बॉल आदळला की तो किंचित खाली येतो, कॉन्टॅक्ट मिटतात, पुन्हा बारा अँपिअर, पुन्हा उघडतात, आणि मशीनगनसारखा कडकडाट होतो. प्रत्येक कडकडाट म्हणजे एक ठिणगी. आमच्याकडे हेही थोडं होतं, कारण प्लंजरला फ्लिपरच्या दांड्याशी जोडणारा लिंक झिजून त्यात खेळ आला होता.

घासण्याबद्दल एक ताकीद. वर सांगितलेले ईओएस टंगस्टनचे असतात, त्यांना बारीक कानस चालते. 1990च्या दशकातल्या बऱ्याच मशीनमध्ये जाड वाइंडिंगचा करंट ट्रान्झिस्टर तोडतो आणि ईओएस फक्त निरोप देतो. तिथे कॉन्टॅक्टवर सोन्याचा पातळ मुलामा असतो. त्यावर कानस चालवली की मुलामा गेला आणि स्विचही गेला. तिथे कोरा कागद दोन कॉन्टॅक्टमध्ये धरून ओढायचा, बस.

कॉइल खोललीच आहे तर प्लंजर जिच्यातून सरकतो ती नायलॉनची स्लीव्ह आणि तो ज्यावर आदळून थांबतो तो कॉइल स्टॉप बदलून टाका. प्लंजरचं टोक आदळून छत्रीसारखं पसरलं असेल तर ते स्लीव्हमध्ये अडतं. स्लीव्हमध्ये तेल किंवा ग्रीस अजिबात घालू नका. ठाण्याच्या हवेत त्यावर धूळ बसून चार महिन्यांत काळी खळ होते. फ्लिपरच्या दांड्याला वरखाली एक मिलिमीटरपेक्षा थोडी कमी मोकळीक हवी. खूप जुन्या मशीनमध्ये पितळेची स्लीव्ह सापडली तर तीही काढून नायलॉनची घाला. पितळ वीजवाहक असल्याने बदलत्या चुंबकक्षेत्रात त्यात भोवरा प्रवाह फिरतात आणि थोडी ऊर्जा तिथेही खर्च होते.

आता दोन्ही फ्लिपर दमत असतील तर. वाशीतल्या एका ओळखीच्यांच्या मशीनचा किस्सा थोडक्यात सांगतो. त्यांचे दोन्ही फ्लिपर कधी जोरात, कधी मरगळलेले, आणि तापण्याशी काही संबंध नाही. त्यांच्या ब्रिज रेक्टिफायरमधला एक डायोड आतून तुटला होता. आपल्याकडे 50 हर्ट्झची वीज आहे, म्हणजे पूर्ण ब्रिजमधून दर 10 मिलिसेकंदाला एक लाट मिळते. एक डायोड गेला की एकाआड एक लाट गळते. फ्लिपरचा फटका 30 मिलिसेकंदांचा, त्यात मोठा कपॅसिटर नसेल तर बटण नेमकं कधी दाबलं यावर त्याला दोन लाटा मिळतील की एक, हे ठरतं. म्हणून फटका नशिबाचा. ब्रिज बदलला, झालं.

ब्रिज ठीक असेल तर मेन्सचं व्होल्टेज आणि ट्रान्सफॉर्मरची जोडणी बघा. फ्लिपरचा पुरवठा बहुतेक मशीनमध्ये रेग्युलेटरशिवाय असतो, मेन्स खाली तर तोही खाली. 230 ऐवजी 205 मिळत असतील तर ओढ वर्गाच्या हिशेबाने 79 टक्क्यांवर येते. ट्रान्सफॉर्मरवर 220 आणि 240 असे वेगळे टॅप असतील तर आपल्या इमारतीत संध्याकाळी खरोखर किती येतं ते चार दिवस मोजून मगच टॅप बदला.

आणि जोर नीट असूनही बॉल विचित्र वागत असेल, दोन बॉल एकमेकांना चिकटून येत असतील, स्विचजवळ अडकत असतील, तर बॉल चुंबकीय झालेत. प्लेफील्डखाली विद्युतचुंबक असलेल्या मशीनमध्ये हे हमखास होतं, स्टील आपलं चुंबकत्व धरून ठेवतं. बॉलला टाचणी लावून बघा. चिकटून लोंबकळली तर बॉल बदला. तापवून चुंबकत्व घालवायचा विचार करू नका. लोखंडाचं चुंबकत्व जायला 770 अंश लागतात, त्याच्या बरंच आधी बॉलचा कडकपणा आणि चकाकी गेलेली असेल, आणि खडबडीत बॉल प्लेफील्ड खरवडून काढेल.

आमच्या मशीनचा हिशेब असा. कपॅसिटर आणि ईओएस बदलल्यानंतर थंड फटका 66 फ्रेम, चौथ्या गेमनंतर 74. तापल्यावर थोडा फरक पडतो, तांब्याचा गुण आहे तो, पण बॉल रॅम्प ओलांडतो. पाऊस मध्ये येऊन गेला, खाडीकडची दमट हवा गाळ्यात चार महिने भरून होती, तरी डाव्या ईओएसचा रोध मीटरवर शून्यच आहे. कॅबिनेटच्या आतल्या फळीवर पेन्सिलने तारीख, दोन्ही कॉइलचा थंड रोध, दोन्ही ईओएसचा रोध आणि दोन्ही कपॅसिटरची मापं लिहून ठेवली आहेत. पुढची नोंद होळीनंतर, उन्हाळा चढायच्या आत.